दोन शिकारी, एक वाटाड्या

कॅनडाच्या उत्तरेकडच्या डोंगरात कॅरिबूच्या शिकारीला मी तुमच्याबरोबर येईन, असं मी माझ्या घरमालकांना, म्हणजे ज्यांना मी मामा म्हणायचो त्यांना, एका रविवारी जेवता जेवता सांगितलं आणि हात धुवायच्या आत विसरून गेलो.

कॅरिबू म्हणजे बर्फाळ मुलखातलं एक मोठं हरीण, एवढंही तेव्हा मला माहीत नव्हतं. तोंडात मामींनी केलेलं मटण होतं, ताटात आणखी दोन तुकडे पडायची शक्यता होती, आणि आमच्या सांगलीकडे अशा वेळी माणूस 'नाही' म्हणत नाही. कुणी म्हणालं, एकदा आमच्या द्राक्षबागेत या, की आपण म्हणतो, येणार की, न येऊन कसं चालेल. म्हणणाऱ्याला माहीत असतं, ऐकणाऱ्यालाही माहीत असतं, दोघांचाही दिवस बरा जातो. असल्या होकारांवर आमचा अख्खा जिल्हा चालतो. चेन्नईतही असले होकार चालत असतील. फक्त त्या एका घरात चालत नव्हते, आणि मी नेमका त्याच घराच्या माडीवर भाड्याने राहत होतो.

मला स्वतःचा राग येतो हे खरं, पण आधी मामांचा येतो. शहाण्या माणसाने माझ्यासारख्यावर विश्वास ठेवायचाच कशाला?

घर चेन्नईतल्या तिरुवान्मियूरला होतं. मामा तंजावरकडचे मराठी. त्यांचे पूर्वज कधीतरी दक्षिणेत उतरले आणि येताना जी मराठी घेऊन आले तीच हे लोक अजून बोलतात, वरून तमिळचा हेल लावून. 'सगळं'ला ते 'अस्की' म्हणत, 'गप्प'ला 'उगे', आणि 'मी पाहिलं' न म्हणता 'मीं पाहिलों' म्हणत. पहिल्या भेटीत मला वाटलं, कुणीतरी जुना दस्तऐवज मोठ्याने वाचतंय. मी हसलो. ते म्हणाले, "तुम्ही तिकडली माणसें मराठी बिघडवून ठेविलांत." आणि मला खोली दिली.

संरक्षण खात्याच्या कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं काढली, अस्की तपासणी विभागात. बंदुकीची नळी उजेडासमोर धरायची, उजव्या डोळ्याने आतून पाहायची आणि पास की नापास ते ठरवायचं. हिरवा खडू म्हणजे पास, पिवळा म्हणजे पुन्हा घासून आणा, लाल म्हणजे भंगार. निवृत्त होताना लोक घड्याळ घेऊन घरी येतात, हे खडू घेऊन आले. खिशात एक पोलादी दांडी असायची. तिचं एक टोक भोकात गेलं पाहिजे आणि दुसरं जाता कामा नये. तसं झालं तर भोक मापात. या दांडीने त्यांनी एकदा हॉटेलातल्या मेदुवड्याचं भोक तपासलं. दोन्ही टोकं आरपार गेली. वडा परत पाठवला. मी टेबलाखाली जायचा तेवढा बाकी होतो.

राग हा त्यांचा उद्योग होता. वेळेआधी येणाऱ्या बसवर राग, कारण वेळेआधी येणं हीसुद्धा चूकच. 'अंदाजे' या शब्दावर राग. हसतमुख माणसांवर तर फारच, ती काय लपवतात ते कळत नाही म्हणून. आणि रागाची त्यांची रीत उफराटी होती. खुशीत असले की मला 'तूं' म्हणत, रागावले की 'अहो' आणि 'आपण'. आवाज मात्र जागचा हलत नसे. माझ्या दारावर त्यांनी पहिल्याच महिन्यात पिवळ्या खडूने फुली मारली होती. नळ नीट बंद करत नाही म्हणून. ती पुसायची नाही असा हुकूम होता. मी आल्यागेल्याला ती कौतुकाने दाखवायचो.

कॅरिबू त्यांच्या डोक्यात कुठून आला? कारखान्यात यंत्र बसवायला आलेला एक कॅनडाचा इंजिनिअर बाकावर एक मासिक विसरून गेला. त्यात उतारावर उभ्या एका कॅरिबूचं चित्र होतं. चित्रापेक्षा मामांना शेवटची पानं आवडली, तिथले शिकारीचे नियम. आपल्याकडे शिकार बंद, ते बरोबरच, असं त्यांचं म्हणणं. कायदा म्हणजे कायदा. पण तिथे परवाना मिळतो, परदेशी माणसाला वाटाड्याशिवाय जाता येत नाही, आणि मारलेल्या जनावराचं खाण्यासारखं मांस डोंगरावर टाकून आलं तर गुन्हा. हे शेवटचं वाचून ते खूश झाले. एवढा नेमका नियम त्यांनी स्वतःच्या कारखान्यातही पाहिला नव्हता. पुढे त्यांनी तिथल्या सरकारची अख्खी नियमावली पेरुंगुडीच्या झेरॉक्सच्या दुकानात छापून बांधून घेतली. तिच्या समासात त्यांनी पेन्सिलीने शंका लिहून ठेवल्या होत्या. काही शंका मला अजून बरोबर वाटतात.

पेन्शनीत हे बसवायचं कसं, तर त्याचीही त्यांनी तपासणी केली होती. शिंगांचं मुंडकं आणायचं नाही, कारण खरा खर्च ते भुसा भरून घरी आणण्यात होतो. मांस तिथल्याच गावातल्या म्हाताऱ्यांना द्यायचं. बंदूक तिथलीच वापरायची. जेवणाला मामींचं पुळिकाचल, म्हणजे भातात कालवायचा चिंचेचा घट्ट मसाला, पंधरा दिवस टिकतो. पूर्ण किमतीची जागा घ्यायचीच नाही. कुणीतरी ऐनवेळी आजारी पडतो, सून बाळंत होते, आणि त्याची जागा निम्म्यात निघते. तिच्यावर डोळा ठेवायचा. आणि सगळ्यात मोठं कलम: एका वाटाड्यामागे दोन शिकारी असले की वाटाड्या, घोडे, तंबू, सगळं वाटून निघतं.

"दुसरा मनुष्य पाहिजे," मामा त्या रविवारी म्हणाले. "दोन वर्षांनीं जायचें. तूं येशील?"

मी काय म्हणालो ते वर सांगितलं आहेच. मामींनी मला आणखी तीन तुकडे वाढले. माझा अंदाज दोनचा होता.

दुसऱ्या दिवशी माझ्या दाराखालून एक फॉर्म आत आला. वर दुसरा शिकारी म्हणून माझं नाव, टाइप केलेलं. तिथे मी जिना उतरून खाली गेलो असतो तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. मी सही केली. का केली? गंमत म्हणून. ऑफिसात सांगायला बरं पडेल म्हणून. तिथे शिकाऱ्यांना डोंगरात नेणाऱ्या घोड्यांच्या तांड्याची एक मालकीण होती, तिच्याशी पत्रव्यवहारही माझ्याच मेलवरून सुरू झाला, कारण मामांचं इंग्रजी कारखान्याचं होतं, 'वरील संदर्भांकित पत्रास अनुसरून' या थाटाचं. मी ते सोपं करून पाठवायचो. ती बाई उलट लिहायची की तुमच्या मित्राचे प्रश्न वाचून आम्ही आमची नियमावली पुन्हा वाचायला घेतली आहे.

ऐनवेळी व्हिसाला वेळ मिळणार नाही म्हणून तोही आधीच काढायचा होता. मी मामांबरोबर जाऊन बोटांचे ठसे देऊन आलो. हसत हसत दिले. माणूस किती लांबपर्यंत हसत जाऊ शकतो, त्याला काही माप असायला हवं.

मग तयारी. चेन्नई तळहातासारखी सपाट. डोंगर आणायचा कुठून? माझ्या ऑफिसातला एक जण पेरुंगुडीत चौदा मजली इमारतीत राहायचा. मामा पाठीवरच्या पिशवीत पंचवीस किलोचं पोन्नी तांदळाचं पोतं घालून तिचे जिने चढू लागले, कारण मांस डोंगरावरून खाली आणायचं तर वजनाची सवय हवी. पहिल्या दिवशी वॉचमनने अडवलं. सामान पोचवणाऱ्यांनी मागची लिफ्ट वापरायची, म्हणाला. मामांनी त्याला 'आपण' म्हणून संबोधलं आणि दहा मिनिटं समजावलं की सामान पोचवणाऱ्यांना पुढची लिफ्ट द्यायला हवी आणि मला कुठलीच नको. मी गाडीत बसून हे सगळं ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहीत होतो. हसून रडणारे चेहरे धडाधड येत होते.

थंडीची सवय करायला आम्ही चेन्नईजवळच्या कोवलमला गेलो. मासळीसाठी बर्फ साठवायचं एक गोदाम होतं, त्याच्या मालकाचा वजनकाटा मामांनी दुरुस्त करून दिला होता, म्हणून त्याने आम्हाला आत सोडलं. वीस मिनिटं बसायचं ठरलं होतं. माकडटोपी, दोन स्वेटर, आणि बुडाखाली मासळीची टोपली. सातव्या मिनिटाला माझे दात वाजायला लागले. नवव्या मिनिटाला मी दार ठोठावलं आणि बाहेर येऊन कोळणींच्या देखत फतकल मारून बसलो. एकीने माझ्या अंगावर जाळं टाकलं, पांघरूण म्हणून. मामा बरोबर वीस मिनिटांनी बाहेर आले. भुवयांवर पांढरं बसलं होतं. मला वाटलं आता 'अहो' ऐकावं लागणार. ते शेजारी वाळूवर बसले आणि समुद्राकडे बघत म्हणाले,

"चौतीस वर्षें नळींतून पाहिलों. त्या टोंकाला नेहमीं दिवा. एकदां तरी दिवा सोडून दुसरें कांहीं पाहावें म्हणतों."

थोड्या वेळाने म्हणाले, "तूं नऊ मिनिटें बसलास. अजून एक वर्ष आहे. होईल."

हे वाक्य मी ग्रुपवर टाकलं नाही. जाळ्याचं तेवढं टाकलं.

मेल आला तो मंगळवारी सकाळी, मी ऑफिसात असताना. दोन भाऊ यायचे होते, एकाचं कंबरेचं ऑपरेशन निघालं. सप्टेंबरातले दहा दिवस, दोन शिकारी, एक वाटाड्या, सहा घोडे, ठरल्यापेक्षाही कमी पैशात. बाईने लिहिलं होतं की तुमच्या मित्राचं नाव मी सगळ्यात वर ठेवलं आहे, शुक्रवारपर्यंत कळवा, मग मला दुसऱ्यांना विचारावं लागेल.

मी मेल बंद केला. पुन्हा उघडला. पुन्हा बंद केला. एकाएकी ते डोंगर खरे झाले होते. दहा दिवस, घोडा, बर्फ, आणि शेवटी एक जिवंत जनावर माझ्या समोर. मी घरातलं झुरळसुद्धा शेजाऱ्याला बोलावून मारतो. मंगळवार गेला, बुधवार गेला. दोन्ही दिवस संध्याकाळी मामा जिन्याशी विचारत, कांहीं आलें का, आणि मी मान हलवून वर जाई.

गुरुवारी सकाळी मी त्यांना मेल दाखवला. म्हटलं, आत्ताच आलाय. आणि ते वाचत असतानाच म्हटलं, पण मामा, मला रजा मिळणार नाही हो, नवीन काम आलंय, मॅडम सोडणार नाहीत. चेहरा शक्य तितका पाडला होता. ते "सरि" एवढंच म्हणाले, म्हणजे ठीक आहे. मला वाटलं सुटलो.

साडेअकराला ऑफिसात मला बोलावणं आलं. आमच्या मॅनेजर मॅडमच्या केबिनमध्ये मामा बसले होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट, मांडीवर फाइल. बसने आले होते. रिसेप्शनवर त्यांनी सांगितलं होतं की कॅरिबूच्या संदर्भात मॅडमना भेटायचं आहे. मॅडमना कॅरिबू हा नवा क्लायंट वाटला, म्हणून त्यांनी लगेच आत घेतलं. आता त्या कॉम्प्युटरवर माझी रजा बघत होत्या. एकतीस दिवस साचली होती, मार्चमध्ये वाया जाणार होती. घेत का नाहीस, त्यांनी विचारलं. आणि नवीन काम कुठलं म्हणालास? तेही त्यांना कळायला हवं होतं.

मामांना माझा खोटेपणा दिसलाच नाही. त्यांना फक्त एक अडलेला भाग मोकळा झालेला दिसला. बाहेर रस्त्यावर शहाळ्याच्या गाडीशी त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. दोन वर्षांत पहिल्यांदा.

"रजा मिळाली रे तुला. उगेच घाबरलास. चल, आत्तां लिही बाईला."

ऊन डोक्यावर होतं. माझ्या हातात फोन होता. बाईला 'होय' लिहायला एक मिनिट पुरलं असतं, आणि खरं सांगतो, क्षणभर मी लिहिणारही होतो, तेही केवळ त्यांना बरं वाटावं म्हणून. म्हणजे मी आणखी एकदा तेच करणार होतो.

"मामा," मी म्हटलं, "मला यायचंच नव्हतं."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

त्यांनी खांद्यावरचा हात काढला आणि फाइल दोन्ही हातांनी धरली.

"मग त्या दिवशीं कां सांगितलां नाहींत आपण?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"अर्धा तास वाटलें असतें," मामा म्हणाले. "अर्ध्या तासानंतर मीं दुसरा मनुष्य शोधायला लागलों असतों. दोन वर्षें होतीं माझ्यापाशीं."

मला राग आला. खरंच आला. मी म्हटलं, तुम्हाला कळायला नको का, कोण कुठला सांगलीचा मुलगा हरणं मारायला कॅनडात येईल? असं जेवताना म्हणतात लोक. मनावर घ्यायचं नसतं. शहाळेवाल्याचा कोयता थांबला होता. मामांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आपलें ऑफिस आहे. आपण जा." आणि बसस्टॉपकडे चालायला लागले. त्या दिवशी बस वेळेवर आली असावी, कारण मी वळून पाहिलं तेव्हा ते नव्हते.

नकाराचा मेल शुक्रवारी त्यांनीच मला सांगितला आणि मी टाइप केला. या वेळी सोपं करायची परवानगी नव्हती. 'वरील संदर्भांकित पत्रास अनुसरून खेदपूर्वक कळवण्यात येते.' माझं नाव त्यात कुठे नव्हतं. एकट्याला परवडत नाही, हेही नव्हतं. बाईचं उत्तर आलं, जागा एका बापलेकाला दिली, तुमच्या मित्राला नमस्कार सांगा.

शनिवारी सकाळी मी दार उघडलं तेव्हा पिवळी फुली ओल्या फडक्याने पुसलेली होती. मी वाट पाहिली, आता लाल येईल. रविवार गेला. मटणाचा वास वर आला, हाक आली नाही. सोमवारी मीच खाली गेलो आणि विचारलं, मामा, लाल खूण करून टाका की.

ते पेपर वाचत होते. "लाल खूण तपासलेल्या मालाला करितात," म्हणाले. "आपल्याला मीं तपासलोंच नाहीं. हंसत होतां म्हणून पास केलों. चूक इन्स्पेक्शनची."

महिन्याभरात मी पेरुंगुडीला राहायला गेलो. आणि गेल्या गेल्या हा सगळा प्रसंग ऑफिसात रंगवून सांगितला, मॅडम, क्लायंट, शहाळेवाला, नकलांसकट. टाळ्या पडल्या. मामांच्या अर्ध्या तासाचं वाक्यही सांगितलं. त्यावर लोक सगळ्यात जास्त हसले. हसणाऱ्यांवर चिडून मी जेवण अर्धं टाकून उठलो, जणू काही मी सांगितलंच नव्हतं.

परवा पोंगलनंतर मी मिठाई घेऊन तिरुवान्मियूरला गेलो. मामींनी दार उघडलं. मामा खुर्चीत होते, उजव्या डोळ्यावर कापूस आणि पट्टी. डोळ्याच्या पडद्यात रक्त उतरलं, डॉक्टर म्हणतात आता तो काही बघायचा नाही. तोच डोळा, नळीतून बघायचा. पाठीवरची ती पिशवी स्वयंपाकघराच्या दाराशी टांगली होती, तिच्यात कांदे होते. मामांनी माझी आदराने विचारपूस केली. आपण कसे आहांत, आपली नोकरी कशी आहे, आपले आईवडील. एकदाही 'तूं' नाही.

आणि मग माझ्याच्याने राहवलं नाही. मी म्हणालो, "मामा, डावा डोळा आहे की. डाव्याने नेम धरणारे कितीतरी असतात. मी पुन्हा मेल करतो बाईला. पुढच्या वर्षी जाऊच आपण. या वेळी मी नक्की येणार."

मामांनी पेपर उचलला आणि डाव्या डोळ्यासमोर धरला.

मामी आतून कॉफीचा पेला घेऊन आल्या. दोन वर्षं मला जेवू घालताना त्या फारसं बोलल्या नव्हत्या. पेला माझ्यासमोर ठेवून त्या तिथेच उभ्या राहिल्या.

"कॉफी पी," म्हणाल्या. "आणि निघतांना 'येतों' म्हणूं नको. उगे जा."